शून्यावरच निघणारं हॅन्डल

१

ट्राम अवघी तीन फूट सरकली होती. विक्रांत शिर्केचा जीव घ्यायला तेवढं पुरलं.

दिल्लीत द्वारकेच्या टोकाला, जिथे विमानं अगदी डोक्यावरून जातात, तिथे एका ट्रस्टने एक जुनी ट्राम भंगारातून उचलून पुन्हा रुळांवर आणली होती. अर्धा किलोमीटर रूळ, एक बाग, पत्र्याची शेड आणि तिकीटखिडकी. रविवारी दिल्लीकर पोरंबाळं घेऊन यायचे, एक चक्कर मारायचे, फोटो काढायचे आणि छोले-भटुरे खायला निघून जायचे. विक्रांत तिथला इलेक्ट्रिशियन, वय सव्वीस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तो एकटाच शेडमध्ये आला. भिंतीवरचा मेन स्विच त्याने चालू केला आणि ट्रामच्या मागे जाऊन छतावरचा लांब दांडा दोरीने वरच्या तारेला टेकवला. रोजचंच काम होतं. गाडीत ड्रायव्हर नव्हता आणि हातब्रेक लावलेला होता. तरी गाडी ब्रेकला न जुमानता मागे आली, आणि मागे भिंत होती.

सकाळी दहाला ड्रायव्हर राजाराम मेश्राम म्हणाले, "मी अष्टमीच्या संध्याकाळी गाडी बंद करूनच गेलो होतो." त्याच संध्याकाळी ते म्हणाले, "चूक माझीच. हॅन्डल पहिल्या खाचेत राहिलं माझ्याकडून." झालं. कबुली मिळाली की बाकीच्यांना हायसं वाटतं. पुढे विचार करायची तसदी कोण घेतो?

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीबाई घारपुऱ्यांच्या सोसायटीत एक मुलगी आली. सुनीतीबाई विद्युत निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. गुडघे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. दोन वर्षांपूर्वी हीच ट्राम त्यांनी तपासून पास केली होती, त्यामुळे बातमी वाचल्यापासून त्यांच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता.

"मावशी, मी प्राची. राजाराम मेश्रामांची मुलगी. एमेस्सीसाठी मुनिरक्याला राहते, सणाला घरी आलेय. बाबा आज पाच वाजता चौकीत जबाबावर सही करणार आहेत. आणि ते खोटं बोलताहेत."

"कशावरून?"

प्राचीने पाठीवरच्या बॅगेतून जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं पितळी हॅन्डल काढलं. चांगलं दोन किलोंचं होतं.

"हे बाबांच्या पिशवीत होतं. कोणी मागितलंच नाही, कबुली मिळाली ना. दोन वर्षं जेवताना एकच ऐकतेय मी, हॅन्डल शून्याशिवाय निघत नाही. मग ते पहिल्या खाचेत राहिलं कसं आणि पिशवीत आलं कसं? दोन्ही एकदम होऊच शकत नाही. शिवाय पहिल्या खाचेत ते खट् करून हाताला लागतं. बाबा विसरतील? बिल्कुल नाही."

मुलीचं म्हणणं बिनतोड होतं. ट्रामच्या दोन्ही टोकांना एकेक कंट्रोलर असतो, म्हणजे कमरेएवढा लोखंडी डबा आणि वर आकडे कोरलेली पितळी तबकडी. हॅन्डल खाचाखाचांनी फिरवलं की मोटरला वीज मिळत जाते. डबे दोन, पण हॅन्डल एकच. ड्रायव्हर ते काढून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतो आणि काम संपलं की घरी नेतो. त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढा दात असतो. शून्य सोडून कुठेही असलं तर तो दात तबकडीखाली अडकतो आणि हॅन्डल जागचं सुटत नाही. म्हणून तर सुनीतीबाईंनी ट्राम पास करताना एकच अट घातली होती, की आवारात दुसरं हॅन्डल असता कामा नये.

"तू चालवून पाहिलीस का कधी?"

"मी? मी तिथे कधी गेलेच नाही."

"विक्रांतला ओळखत होतीस?"

"नाव ऐकलं होतं." तिचे डोळे सुजलेले होते. बापाच्या काळजीने असतील, असं सुनीतीबाईंना वाटलं. "मावशी, जेल, नोकरी, ते नंतर बघू. बाबा तीन दिवस जेवलेले नाहीत. माणूस मारल्याचा डाग घेऊन ते जगणार नाहीत, मला माहितेय. प्लीज, पाचच्या आत काहीतरी करा."

सुनीतीबाईंनी हॅन्डलच्या आत बोट घालून पाहिलं. दात जागच्या जागी होता.

"एक सांग. हे सगळं तुझ्या बाबांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मग ते खोटं कशासाठी बोलताहेत?"

प्राचीने टॉवेल आणि हॅन्डल त्यांच्याकडेच ठेवलं.

२

सुनीतीबाईंच्या खुर्चीवर आता निखिल नावाचा तरुण अधिकारी बसत होता. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, जाऊन या. अहवाल मलाच लिहायचाय, पण असला कंट्रोलर मी फोटोतच पाहिलाय." निरोप चौकीत पोचला आणि शेडवरच्या शिपायाने त्यांना आत सोडलं.

बाहेर धुरकं इतकं होतं की सकाळचे अकरा वाजलेत असं वाटेना. दसऱ्याच्या फटाक्यांचा वास अजून हवेत होता. शेडमध्ये ट्राम भिंतीला टेकून उभी होती. भिंतीवरून कोणीतरी पाणी मारलं होतं. सुनीतीबाईंनी तिकडे एकदाच पाहिलं.

भिंतीकडच्या टोकाचा कंट्रोलर त्यांनी उघडला. हॅन्डलबरोबर फिरणारं आतलं नळकांडं पहिल्या खाचेत उभं होतं. म्हणजे गाडी का सरकली हे उघडच होतं. या टोकाचं 'पुढे' म्हणजे भिंतीकडे. विक्रांतने दांडा तारेला लावला, मोटरला वीज मिळाली आणि गाडी त्याच्या अंगावर आली. अष्टमीच्या संध्याकाळी राजाराम याच टोकाला उभे राहून गाडी आत घेऊन आले होते. संशय त्यांच्यावर जाणार हे ओघानेच आलं.

मेन स्विच बंद आहे ना, हे दोनदा पाहून त्यांनी प्राचीने आणलेलं हॅन्डल तबकडीवर बसवलं आणि शिपायाला म्हणाल्या, "खींचो, भैया." पहिल्या खाचेत असताना त्या गड्याने दोन्ही हातांनी जोर लावला, हॅन्डल हललं नाही. शून्यावर आणलं तर अलगद वर आलं.

म्हणजे राजारामांनी हे हॅन्डल काढलं तेव्हा गाडी शून्यावर होती. त्यानंतर कोणीतरी ती पहिल्या खाचेत नेली. नुसत्या हाताने ते होत नाही, पान्याने करावं तर पितळेवर ओरखडा उठला असता. ओरखडा कुठेच नव्हता.

सुनीतीबाईंनी चष्मा पुसला आणि तबकडीच्या मधल्या कड्यात टॉर्च मारला. हॅन्डलचं बूड जिथे टेकतं त्या खोबणीत काहीतरी लालसर दाबलं गेलं होतं. रुमालाच्या टोकाने त्यांनी ते उकरलं. कुंकू होतं, आणि त्याला चिकटलेला तांदळाचा एक दाणा.

राजारामांचं हॅन्डल स्वच्छ होतं, आणि खंडेनवमी-दसरा दोन्ही दिवस ते त्यांच्या घरी होतं. मग या कुंकवावर दाबून बसलं होतं ते कोणतं?

३

ट्रस्टचा व्यवस्थापक श्याम कानिटकर आणि सुनीतीबाई पहाडगंजच्या मराठी शाळेत एका वर्गात होते. श्याम तेव्हाही चांगला होता आणि तेव्हाही मार चुकवायला खोटं बोलायचा.

"खंडेनवमीला पूजा केलीत?" त्यांनी विचारलं.

"केली की. आपल्याकडे हत्यारांची पूजा करतात, ट्रामची का नको? दांडा खाली होता, मेन स्विच बंद होता. दोन दिवस बागही बंद. झेंडूचे हार घातले, शिरा वाटला, संपलं."

"हॅन्डलची पूजा केलीत?"

"हॅन्डल राजारामकडे असतं. मी मागितलं होतं, तो म्हणाला, साहेब, हे माझ्या पिशवीतून हलत नाही. स्वतः आलाही नाही. त्याचा दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम होता ना, त्याच्या तयारीत होता."

श्यामने हे सगळं टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत सांगितलं. सुनीतीबाई बाहेर आल्या. तिकीटखिडकीशेजारी लोकांना फोटो काढायला एक कोपरा केला होता. ड्रायव्हरची खाकी टोपी, एक घंटा आणि काचेच्या पेटीत एक पितळी हॅन्डल. पास करताना हा कोपरा नव्हता. टोपीवर धूळ होती, घंटा काळवंडली होती, हॅन्डल मात्र आरशासारखं चमकत होतं.

तिकिटं देणाऱ्या सुनंदाला त्यांनी जवळ बोलावलं. "सुनंदा, घरची पितळेची भांडी तू कधी घासतेस?"

"दसऱ्याच्या आधी, बाई. सगळेच तेव्हा घासतात."

"मग हे दसऱ्यानंतर कोणी घासलं?"

सुनंदाने आधी श्यामच्या केबिनकडे पाहिलं. "साहेबांनी. विक्रांतला हॉस्पिटलला नेलं ना, त्याच दुपारी. मी म्हटलं मी करते, तर नको म्हणाले."

सुनीतीबाईंनी पेटी उघडायला लावली. बाहेरून हॅन्डल लख्ख होतं, पण बुडाशी कोरलेल्या अक्षरांत कुंकू राहून गेलंच होतं. त्यांनी आत बोट घातलं. आत सगळं गुळगुळीत होतं. दात नव्हता.

शेडमध्ये नेऊन त्यांनी ते कंट्रोलरवर बसवलं. चपखल बसलं. पहिल्या खाचेत नेलं आणि दोन बोटांनी उचललं. निघून हातात आलं.

मागून आलेला श्याम ट्रामच्या पायरीवर मटकन बसला.

"साचा खऱ्या हॅन्डलवरूनच घेतला होता," तो म्हणाला. "ओतारी विचारत होता, आत हा उंचवटा आहे तो ठेवायचा का. मी म्हटलं, फोटोसाठी आहे यार, सोड, सरळ कर. मला काय माहीत ते कशाला असतं."

"ते माणसं जगवायला असतं, श्याम. दुसरं हॅन्डल ठेवू नये ही अट मी तुझ्यासमोर लिहिली होती. आणि तू कुंकू पुसून बसलास. एक माणूस न केलेला गुन्हा कबूल करतोय आणि तू बघत बसलास."

"मी फिरवलं नाही, सुनीती. पोरांची शपथ. हे बघ." त्याने फोन पुढे केला. हार घातलेला कंट्रोलर, त्यावर हॅन्डल, आणि हॅन्डल शून्यावर. "आरती झाली, हा फोटो काढला आणि आम्ही सगळे प्रसादाला बाहेर आलो. विक्रांत म्हणाला, साहेब, मी काढून पेटीत ठेवतो."

"म्हणजे मागे विक्रांत एकटाच होता."

"एकटा नव्हता, बाई," दारातून सुनंदा म्हणाली. "एक मुलगी आली होती त्याच्याबरोबर. नाव नाही सांगितलं, लाजत होती. नंतर मी दोघांना शिरा दिला तर एकाच द्रोणात खाल्ला. मला वाटलं, चला, पोराचं ठरतंय."

सुनीतीबाईंनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. त्यांना सकाळपासून टोचत असलेला प्रश्न आता भलत्याच बाजूने सुटू लागला होता, आणि तो सुटू नये असं त्यांना मनापासून वाटलं.

४

राजाराम मेश्राम उत्तमनगरला दोन खोल्यांत राहत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली स्वच्छ पुसलेलं टेबल. प्राची चौकीजवळ थांबणार होती, म्हणून ते एकटेच होते. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. सहीला जायचं म्हणून तयार होऊन बसले होते.

"राजारामभाऊ, दुसरं हॅन्डल सापडलंय," सुनीतीबाई सरळ म्हणाल्या. "त्याला दात नाही. तुमची चूक नाही हे मी निखिलला फोनवर सांगितलंय."

निर्दोष ठरलेल्या माणसाचा चेहरा उजळतो. राजारामांचा उतरला.

"मॅडम, कशाला खोलात जाता? माझी कबुली आहे."

"तेच मला कळत नव्हतं. सकाळी दहाला तुम्ही खरं बोललात, संध्याकाळी खोटं. मधल्या वेळात तुम्ही विक्रांतबरोबर हॉस्पिटलमध्ये होतात. त्याच्या घरचे साताऱ्याहून यायचे होते. त्याच्या वस्तू तुमच्या हातात दिल्या असणार. त्यात फोन होता ना?"

राजाराम उठले आणि कपाटातून एक फोन आणून टेबलावर ठेवला. काच तडकलेली होती. बटण दाबल्यावर कुलूप न उघडताही पडद्यावरचा फोटो दिसला. झेंडूचे हार, पितळी तबकडी, आणि हॅन्डल धरून खळखळून हसणारी प्राची. हॅन्डलचं टोक एकवर होतं.

"ड्रायव्हरला आकडा आधी दिसतो, मॅडम," ते म्हणाले. "पोरगी मला नंतर दिसली."

सुनीतीबाईंना सकाळची प्राची आठवली. खट् करून हाताला लागतं, असं ती म्हणाली होती. ऐकीव गोष्ट कोणी हाताला लागतं असं सांगत नाही. ती आपल्या हाताचं सांगत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"पण विक्रांत तर हुशार होता," त्या म्हणाल्या. "हॅन्डल काढताना त्याने आकडा पाहिला कसा नाही?"

"तो माझ्या हाताखाली शिकला. मी त्याला पहिल्या दिवशी काय शिकवलं सांगू? बेटा, अंधार असो, घाई असो, आकडा बघायची गरज नाही. हॅन्डल निघून हातात आलं म्हणजे गाडी शून्यावर आहे, असं समज." राजारामांचा आवाज फाटला. "त्याने ओढलं, ते हातात आलं. मग तो कशाला बघेल? त्याने माझंच ऐकलं, मॅडम. म्हणून म्हणतो, माझी कबुली अगदीच खोटी नाही."

सुनीतीबाईंनी तेहतीस वर्षांत पुष्कळ अपघात पाहिले होते. आळसाने झालेले, दारूने झालेले, पैसे वाचवताना झालेले. नियम मनापासून पाळल्यामुळे झालेला हा पहिलाच.

"प्राचीला कळू देऊ नका," राजाराम म्हणाले. "तिने मला सोडवायला तुम्हाला गाठलं, हे मला माहीत आहे. पण तिच्या हाताने तो गेला हे तिला कळलं, तर ती कशाची राहते? मी जेलात राहीन. तेवढं मला जमेल."

५

चौकीच्या व्हरांड्यात लाकडी बाक होतं. पावणेपाचला प्राची त्यावर बसलेली होती. राजाराम आणि श्याम आत होते.

सुनीतीबाई येताना रिक्षात ठरवून आल्या होत्या. अहवालात कोणाचं नाव घालायची गरज नव्हती. दोष दात नसलेल्या हॅन्डलचा आणि ते ठेवणाऱ्याचा होता, आणि ते खरंच होतं. राहिलेलं खोटं आपण बोलू. आयुष्यात एकदा बोललं म्हणून काय बिघडतं?

"सुटले तुझे बाबा," त्या म्हणाल्या. "फोटोसाठी केलेलं एक दुसरं हॅन्डल होतं. त्याला आत दात नव्हता. पूजेच्या गडबडीत कोणीतरी..."

"काचेच्या पेटीतलं?"

विचारून झाल्यावर प्राचीच्या लक्षात आलं की आपण तिथे कधी गेलोच नव्हतो, असं सकाळी सांगितलं होतं. तिने मान खाली घातली नाही.

"दात नव्हता म्हणजे ते कुठेही निघतं?"

"पोरी, आता ते राहू दे."

"पहिल्या खाचेतही?"

सुनीतीबाईंनी तोंड उघडलं, पण ठरवलेलं वाक्य बाहेर पडेना. शिकलेल्या पोरीला किती वेळ फसवणार? आज नाही कळलं, तर दहा वर्षांनी एखाद्या दुपारी एकटीला कळेल, आणि तेव्हा शेजारी कोणी नसेल. त्यांनी मानेनेच हो म्हटलं. असं हो म्हणणं त्यांना कधी इतकं जड गेलं नव्हतं.

प्राची रडली नाही. तिने फक्त विचारलं, "बाबांना माहीत आहे?"

"त्यांना सगळ्यात आधी कळलं."

ती उठली आणि आत गेली. सुनीतीबाई गुडघा धरत मागोमाग गेल्या. अधिकाऱ्यासमोर श्यामचा जबाब चालला होता. दात आपणच काढायला सांगितला आणि पितळही आपणच घासलं, हे तो खालमानेने सांगत होता. राजारामांनी मुलीला पाहिलं आणि त्यांना समजलं. ते अर्धवट उठले आणि पुन्हा बसले.

"सर, वो हैंडल मैंने घुमाया था," प्राची म्हणाली.

अधिकारी वयस्क होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, विक्रांतनेच फिरवायला सांगितलं होतं का. हो म्हणाली असती तर कोण खोडून काढणार होतं? राजाराम तिच्याकडे बघून हळूहळू मान हलवत होते, हो म्हण, हो म्हण.

"नहीं. उसने मना किया था. बोला, मत छुओ. ज़िद मेरी थी, फ़ोटो की."

लिहून झालं. अधिकाऱ्याने कागद पुढे केला आणि म्हणाला, "बेटी, क़ानून में तेरा कोई क़सूर नहीं बनता. घर जा." तिने सही केली, पण उठली नाही. राजाराम खुर्ची सरकवून तिच्याजवळ आले.

"आम्ही लग्नाचं तुम्हाला दसऱ्यालाच सांगणार होतो, बाबा," ती मराठीत म्हणाली. "तुम्ही कार्यक्रमाहून दमून आलात, म्हणून म्हटलं, उद्या सांगू. विक्रांत घाबरत होता. रोज म्हणायचा, काका नाही म्हणाले तर मी कोणत्या तोंडाने त्यांच्यासमोर काम करू?"

राजारामांनी तिचं डोकं छातीशी धरलं. तीन दिवस अडवून धरलेलं रडू त्यांना आवरेना.

"मी हो म्हणालो असतो, बाळा," ते म्हणाले. "लगेच हो म्हणालो असतो."

वर्षभर दोघं ज्या उत्तराला घाबरत होती, ते हे होतं. आता ते ऐकायला ती एकटीच उरली होती.